भातुकली म्हणजे टाइमपास? नाही हो
आपल्याकडं परभणी-हिंगोलीत अजून ऐकू येतं की नाटक-नाटक खेळणं म्हणजे टाइमपास, आन् घ्यायचंच तर सगळ्या लेकरांना एकच डायलॉग पाठ करून द्या. हे चूक आहे. दीड-दोन वर्षांचं लेकरू रिकाम्या कपातून चहा पितं, सुरुवात तिथूनच होते, त्याला डायलॉग कशाला? तीन-चार वर्षांची लेकरं आई, डॉक्टर, कंडक्टर होतात, गोष्ट मिनिटाला बदलते, बदलू द्या. पाच-सहाच्यांना मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, मांडून द्या, एक आडत्या, एक शेतकरी, एक हमाल, मग भाव करता करता बोलणं, मोजणं, पाळीची वाट बघणं सगळं येतं, आणि भांडण झालं तर लगेच मधी पडू नका, नियम तेच ठरवतात. आठ-नऊची पोरं संवाद स्वतः लिहितात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयासाठी खेळातून शिकण्यावरच भर आहे.