तोतरेपणा : शब्द आणि अर्थ

तोतरेपणा म्हणजे बोलण्याच्या ओघात येणारा असा अडथळा, की ज्यात काय बोलायचे आहे हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते, परंतु अक्षर पुन्हापुन्हा उच्चारले जाते, लांबते किंवा तोंडातच अडून बसते. 'कमळ' म्हणताना 'क-क-कमळ' होते, 'सकाळ'मधला 'स' ताणला जातो, आणि 'पाणी' म्हणू पाहणाऱ्याचे ओठ कधी घट्ट मिटून राहतात, गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, पण आवाज फुटत नाही. हा तिसरा प्रकार ऐकणाऱ्याला केवळ थांबणे वाटते. बोलणाऱ्यासाठी मात्र तोच सर्वांत कष्टाचा असतो.

'तोतरा' हा शब्द ध्वन्यनुकारी आहे. जीभ दातांना टेकवून उच्चारायचा 'त' लागोपाठ दोनदा आणला की अडखळण्याची नक्कलच तयार होते. 'बोबडा' या शब्दात हेच काम ओठांनी उच्चारायचा 'ब' करतो, 'चाचरणे' यात 'च' करतो, तर 'ततपप करणे' यात दोन्ही जागचे ध्वनी एकत्र येतात. गुजरातीत 'तोतडुं' आणि 'बोबडुं' ही जवळची रूपे आहेत. हिंदीतील 'तोतला' मात्र फसवा आहे, कारण त्याचा अर्थ मुख्यतः बोबडा असा होतो. तोतऱ्यासाठी हिंदीत 'हकला' म्हणतात. 'अडखळणे' या क्रियापदाची वाट वेगळी आहे : ते मुळात पायाचे, ठेच लागण्याचे क्रियापद असून जिभेला नंतर लावले गेले.

रोजच्या बोलण्यात तोतरा आणि बोबडा यांची सरमिसळ होते, पण हे दोष भिन्न आहेत. बोबडेपणात ओघ सलग असतो, ध्वनी मात्र बदलतात. 'काका'चे 'ताता' होते, 'रस्ता'चा 'लस्ता' होतो. लहान वयात हे स्वाभाविकच असल्यामुळे 'बोबडे बोल' या प्रयोगात दोषापेक्षा लडिवाळपणाच अधिक आहे. ही अर्थच्छटा जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या (शके 1212, इ. स. 1290) पहिल्याच अध्यायात अपत्य 'बोबडी वाचा' बोलले तरी मायबापांना अधिकच संतोष होतो, असा दृष्टान्त आला आहे. त्याच शब्दापासून झालेल्या 'बोबडी वळणे' या वाक्प्रचाराचा अर्थ मात्र भीतीने तोंडातून शब्द न फुटणे असा आहे. 'तोतरा'च्या वाट्याला अशी माया कधीच आली नाही. माणसाच्या नावामागे टोपणनाव म्हणून तो चिकटला, आणि ज्याला हाक मारली जाते त्याला तो आयुष्यभर बोचत राहिला.

संस्कृतात या अर्थाचा महत्त्वाचा शब्द 'गद्गद' होय. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या प्रकरणात, कफयुक्त वायूने शब्दवाहिनी धमन्या अडवल्या म्हणजे मनुष्य मूक, मिन्मिण किंवा गद्गद होतो, असे सांगितले आहे. मिन्मिण म्हणजे नाकातून बोलणारा, मराठीतला गेंगाणा. गद्गद म्हणजे ज्याची अक्षरे तुटतात, गळतात तो. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात भयभीत अर्जुन 'सगद्गदम्' बोलतो, तेथे हाच शब्द रोगाकडून भावनेकडे सरकलेला दिसतो. मराठीत रोगाचा अर्थ पुरता मागे पडला, आणि 'सद्गदित' हा त्याच कुळातला शब्द आज गहिवरून आलेल्या माणसासाठीच वापरला जातो.

अशा शब्दांची दुसरी वाट परक्याकडे जाते. ज्यांची भाषा कळत नाही त्यांना ग्रीक लोक 'बार्बारोस' म्हणत, आणि त्यात 'बार-बार' अशा निरर्थक आवाजाचे अनुकरण आहे. संस्कृतातील 'बर्बर' याचेही परका आणि अडखळत बोलणारा असे दोन्ही अर्थ कोशांत मिळतात. 'म्लेच्छ्' या धातूचा धातुपाठातील, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतील, अर्थ अस्पष्ट बोलणे असाच आहे. लॅटिनमधील 'बाल्बुस' म्हणजे तोतरा. तेथे तो शब्द प्रतिष्ठित रोमन घराण्यांचे उपनाम म्हणूनही चालला.

दोष जिभेत आहे ही समजूत शब्दांइतकीच चिवट ठरली. 1841 मध्ये योहान डीफेनबाख या जर्मन शल्यविशारदाने तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेवर शस्त्रक्रिया केल्या. त्या रुग्णांना घातक ठरल्या आणि लवकरच सोडून दिल्या गेल्या. आज तोतरेपणाकडे मेंदूतील वाणीनियंत्रणाशी आणि काही अंशी आनुवंशिकतेशी निगडित अवस्था म्हणून पाहिले जाते. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, बहुसंख्य मुलांमध्ये पुढे आपोआप ओसरतो, आणि प्रौढांपैकी सुमारे 1 टक्का लोकांत टिकून राहतो. घाबरल्याने किंवा ताणाने तो वाढतो, पण भित्रेपणा हे त्याचे कारण नव्हे. म्हणूनच 'बोबडी वळणे' किंवा 'ततपप होणे' हे भीतिदर्शक वाक्प्रचार तोतऱ्या माणसाच्या बोलण्याला लावणे चुकीचे आहे. वाचा उपचारतज्ज्ञ आता 'तोतरा' हे नाम टाळून 'तोतरेपणा असलेली व्यक्ती' असे म्हणतात; 'बोबडे बोल' हा प्रयोग मात्र घरोघरी पूर्वीसारखाच चालू आहे.