दारात विचारलेला प्रश्न

‘ताई, मत कुणाला देणार?’ हातातला टॅब सावरत सर्वेक्षणाला आलेली मुलगी विचारते. ताई उंबऱ्यात, मागे खाटेवर सासरे, शेजारच्या दोघी कान देऊन. ‘सगळे देतील त्यालाच,’ ताई म्हणतात. हे उत्तर कुठल्या पक्षाच्या खात्यात टाकायचं?

म्हणूनच ‘लोकनीती’ या मतदारांची सर्वेक्षणं करणाऱ्या संशोधन उपक्रमाचे सर्वेक्षक नमुन्याची मतपत्रिका आणि पेटी सोबत नेतात. खूण करायची, घडी घालून पेटीत टाकायची, तोंडानं काही बोलायचं नाही. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे मत सांगणं म्हणजे गावात आपण कुणाच्या बाजूचे ते सांगणं.

भीड मोडली तरी गणित उरतं. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे १,००० मतदार निवडले, तरी एका आघाडीच्या मतांचा अंदाज साधारण ३ टक्के वर-खाली होऊ शकतो. दोन आघाड्यांमधल्या अंतराचा अंदाज तर जवळपास ६ टक्क्यांनी चुकू शकतो. शिवाय एकाच आळीतली वीस माणसं बहुधा सारखाच विचार करतात, म्हणजे वीस घरं फिरूनही माहिती वीस घरांची मिळत नाही.

२०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. जागा मात्र ३० आणि १७! एक टक्क्याचा फरक खात्रीनं टिपायचा तर राज्यभरात तीसेक हजार मतदार गाठावे लागतील. एवढं करूनही ती मतं ४८ मतदारसंघांत कशी विखुरली आहेत, ते कळणार नाहीच. २०१४मध्ये बहुजन समाज पक्षाला देशात ४ टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि एकही जागा मिळाली नाही. मतांवरून जागा काढताना प्रत्येक संस्था स्वतःची काही गृहीतकं धरते, आणि पडद्यावर नेमकी तीच दाखवली जात नाहीत. १ जून २०२४च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला ३५०च्या पुढे नेलं होतं. निकालात २९३ जागा आल्या. वाहिन्यांनी जागांच्या आकड्याआधी मतांची टक्केवारी आणि चुकीची शक्यता दाखवावी, हा माझा आग्रह आहे.

त्याच निवडणुकीत वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. एका चाळीच्या एका मजल्यावर एवढे मतदार सहज असतात.