इंटरकूलरच्या पाइपातलं ऑइल: टर्बोचं की ब्रीदरचं?

चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी अंगणात गाडीखाली ऑइलचा डाग. जुनी डिझेल हॅचबॅक, दीड लाख किलोमीटर पार केलेली. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि इंटरकूलर ती तापलेली हवा थंड करणारा. फोंड्यातल्या एका गॅरेजात इंटरकूलरचा खालचा होस, म्हणजे रबरी पाइप, सोडवला, तर चमचाभर काळं ऑइल ओघळलं. मेस्त्रीने ते बोटावर घेतलं आणि निकाल देऊन टाकला, "बाब, टर्बो गेलो." खर्चाचा आकडा ऐकून मी होस परत बसवायला सांगितला. तोच टर्बो आजही त्या गाडीत फिरतोय.

या पाइपात ऑइल दोन वाटांनी येतं, आणि बोटावर घेतलं तर दोन्ही सारखंच दिसतं.

पहिली वाट ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा जळका वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतोच. आपल्याकडे मेस्त्री त्याला ब्लो-बाय म्हणतात, नाहीतर 'बॅक कॉम्प्रेशन'. खाली क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, ऑइल घुसळत असतो, त्याचे तुषार हा वायू सोबत घेतो. तो कोंडून राहिला तर ऑइल सीलवर ताण येणार, म्हणून इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपासून एक नळी निघते आणि एअर फिल्टर व टर्बो यांच्यामधल्या पाइपाला मिळते. वाटेतल्या आडोशांवर आपटून जड थेंब परत सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, जातात. बारीक तुषार मात्र टर्बोच्या पंख्यातून पुढे सरकतात आणि इंटरकूलरच्या तळाशी साचतात. त्यामुळे जुन्या टर्बोडिझेलच्या पाइपात ऑइलचा पातळ थर असणं हा आजार नव्हे.

दुसरी वाट टर्बोची. त्याचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तोही ऑइलच्या थरावर तरंगत. आत रबरी सील असेल असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात असते पिस्टनच्या रिंगेसारखी एक बारीक धातूची रिंग. ती झाकणासारखी घट्ट बसत नाही. पंख्याच्या बाजूच्या हवेचा दाब ऑइलला आत थोपवून धरतो. बेअरिंगमधलं ऑइल मग एका जाड नळीतून नुसत्या उताराने सम्पमध्ये परततं. त्याला ढकलायला पंप नाही.

गोंधळ होतो तो इथेच. मांडवीला भरती असताना धो धो पाऊस आला की पणजीच्या गटारांतलं पाणी नदीत उतरतच नाही, रस्त्यावर येतं. ब्रीदर तुंबला की क्रँककेसमध्ये दाब चढतो आणि टर्बोचं परतीचं ऑइल असंच अडतं. मग ते रिंगेकडून पंख्यात शिरतं. टर्बो ठणठणीत, पण ऑइल त्याच्याच तोंडून बाहेर! अशा वेळी नवा टर्बो बसवलात तर तोही गळणार. धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर हेच काम उलट बाजूने करतो: पंख्यासमोर ओढ वाढते आणि ऑइल खेचलं जातं.

म्हणून आधी टर्बोच्या अलीकडचा पाइप काढून बघावा. तो ओला असेल तर संशय ब्रीदरवर. अलीकडे कोरडं आणि पलीकडे ओलं असेल तर टर्बोवर, पण त्याही वेळी ब्रीदर मोकळा आहे ना, हे बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मग शाफ्ट बोटाने हलवावा. आडवा किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पंख्याची पाती घराला घासलेली दिसली, तर टर्बो खरंच गेला. चालू इंजिनची ऑइल कॅप उघडून धूर बघायची पद्धत आहे, तिच्या एकटीवर मी भरवसा ठेवत नाही. काही इंजिनांत कॅपखालीच वाल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरतो आणि उडालेल्या ऑइलने शर्ट रंगतो.

माझ्या गाडीत अलीकडचा पाइप काळाकुट्ट ओला निघाला. ब्रीदरची नळी पिळली तर आतून दाट ताकासारखा पांढुरका लगदा आला. अख्खा पावसाळा गाडी बाजारापर्यंत तीन किलोमीटर जात होती. इंजिन पुरतं तापायचंच नाही, आणि आतली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळायची. कूलंटची पातळी उतरत नव्हती, म्हणजे हेड गॅस्केट फुटून कूलंट ऑइलमध्ये जात असल्याची भीती नव्हती. नळी बदलली, आडोसे धुतले, इंटरकूलर निथळवला. भागलं.

ब्रीदरच्या वाटेत ऑइल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, लावू का, असं हल्ली बरेच जण विचारतात. आत जाळी असलेला चांगला कॅन उपयोगाचा आहे, कारण ईजीआरची (जळका वायू थोडा परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) काजळी आणि हे तुषार एकत्र आले की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, डांबर जमतं. पण झिजलेल्या रिंगा त्याने बऱ्या होत नाहीत. पावसाळ्यात तो पाण्याने लवकर भरतो, रिकामा करायचा राहिला तर तोच तुंबलेला ब्रीदर. ब्रीदरची नळी सोडून खाली लोंबत ठेवणारेही आहेत. त्यांच्या मागून स्कूटरवर जाणाऱ्याने काय करायचं?

ऑइल खूप साचलं असेल तर गाडी तशीच चालवू नये. डिझेल इंजिन तेच ऑइल जाळत सुसाट सुटू शकतं आणि चावी काढूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक गच्च दाबा आणि क्लच सोडा. हवेचं तोंड बंद करायचंच झालं तर जाड फळीने करा, हात किंवा फडका लावू नका. फडका टर्बो गिळतो.