तांब्याचा एकस्तर, सोन्याच्या पृष्ठावरील

सोन्याच्या एकस्फटिकी (१११) पृष्ठावर, म्हणजे अणू षट्कोनी जाळीत दाटीने मांडलेल्या पृष्ठावर, विद्युत् रासायनिक रीतीने बसवलेला, एका अणूच्या जाडीचा तांब्याचा थर. तांबे तांब्यावर जमू लागते त्या विभवाच्या (विद्युत् दाबाच्या) सुमारे ०.२ व्होल्ट आधीच हा थर बसू लागतो, कारण तांब्याचा अणू आपल्या जातभाईपेक्षा सोन्याला अधिक घट्ट धरतो. याला अधोविभव निक्षेपण म्हणतात. प्रयोगशाळेत नुसते ‘यूपीडी’ (अंडरपोटेन्शियल डिपॉझिशन). सोने झाकले गेले की ही ओढ संपते आणि थर आपोआप थांबतो.

नेहमीचा विद्राव म्हणजे ०.०५ मोलर सल्फ्यूरिक आम्ल आणि त्यात १ मिलिमोलर कॉपर सल्फेट. त्यातच बुडवलेली तांब्याची तार संदर्भ अग्र म्हणून, म्हणजे जिच्या तुलनेत विभव मोजायचा ती म्हणून, चालते. स्फटिक ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायचा, थोडा निवू द्यायचा आणि पाण्याच्या थेंबाचे संरक्षण देऊन पात्रात न्यायचा. विभव सेकंदाला १ मिलिव्होल्ट इतक्या सावकाश उतरवला की प्रवाह-विभव आलेखात दोन टोकदार शिखरे उठतात : पहिले ०.२ व्होल्टच्या आसपास, दुसरे ०.१ व्होल्टच्या खाली.

या दोन शिखरांच्या मधली रचना बराच काळ चकवा देत राहिली. १९९० च्या सुमारास एसटीएमच्या (एकेक अणू टिपणाऱ्या क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रांत ०.५ नॅनोमीटर अंतरावरच्या ठिपक्यांची षट्कोनी जाळी दिसली. ठिपके म्हणजे तांबे असे धरले, तर सोन्याच्या तीन अणूंमागे तांब्याचा एकच अणू येतो. भारमापन (थर बसताना वाहिलेल्या विद्युत् भाराचे मोजमाप) मात्र दोन अणू सांगत होते : पूर्ण थराला दर चौ. सेंमी.ला सुमारे ४४४ मायक्रोकूलॉम लागतात, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे २९६. (अधिशोषित, म्हणजे पृष्ठाला चिकटलेल्या, आयनांचा भारही या आकड्यात मिसळतो, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नये.) १९९५ मध्ये क्ष-किरण विवर्तनाने उलगडा केला. तांब्याचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बसतात, प्रत्येक षट्कोनाच्या पोकळीवर एक सल्फेट आयन असतो, आणि वर डोकावणारा तोच चित्रात ठिपका म्हणून दिसतो. तांबे त्या चित्रांत दिसतच नव्हते.

दुसऱ्या शिखरानंतर सल्फेट पोळ्यातून उठून थराच्या वर जातो आणि रिकाम्या जागा तांबे भरते. अणू सोन्याच्या अणूंमधल्या खळग्यांतच बसत असल्याने त्यांच्यातले अंतर तांब्यातल्या नेहमीच्या ०.२५६ ऐवजी ०.२८८ नॅनोमीटर होते. म्हणजे थर सुमारे १३ टक्के ताणलेला असतो. चांदीवरचे शिसे याच्या उलट वागते : खळग्यांची पर्वा न करता ते स्वतःची, किंचित दाबलेली आणि चांदीच्या जाळीशी सु. ४.५ अंश वळलेली जाळी मांडते.

बिघाड बहुतेक वेळा क्लोराइडमुळे होतो. बोटांच्या घामातले मीठही पुरते : पोळ्याची रचना मोडून वेगळीच, मोठ्या अंतराने पुनःपुन्हा येणारी जाळी येते. शिखरे पसरट आली तर तापवणे नीट झालेले नसते. तळरेषा खाली सरकली तर विद्रावात ऑक्सिजन उरलेला असतो. आर्गॉन आणखी वेळ सोडावा. विभव शून्याखाली गेल्यास जाड तांबे साचते, आणि थर तासन्‌तास तसाच धरल्यास तांबे सोन्यात मुरून मिश्रधातू बनू लागतो.

हा थर प्लॅटिनमच्या क्षाराच्या विद्रावात बुडवला की तांबे विरघळते आणि त्याच्या जागी प्लॅटिनम बसते. मधल्या वेळेत हवा लागू देऊ नये, तांबे ऑक्सिडीभूत होते. क्षार द्विसंयुजी (दोन धनभारांच्या) प्लॅटिनमचा घ्यावा. चतुःसंयुजी घेतल्यास एका प्लॅटिनममागे तांब्याचे दोन अणू खर्ची पडतात आणि थर अर्धाच भरतो.