पालवी फुटली? काडी उपटून बघू नका!
(घरी फुलझाडांची रोपं करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा सुरू होऊन महिना झाला की आमच्या रोपवाटिकेच्या काउंटरवर एक पिशवी हमखास येते. आत जास्वंदीची काळी पडलेली काडी, तिच्या टोकाला वाळून चुरगळलेली दोन पानं, आणि सोबत प्रश्न: "छान पालवी फुटली होती हो, मग अचानक काय झालं?" तेच उत्तर दिवसातून चार वेळा द्यायला लागलं, म्हणून हे पत्रक छापलं.

अचानक काही होत नाही. काडीच्या आत अन्न साठलेलं असतं, त्यावरच डोळे (कोंब फुटायच्या जागा) फुगतात आणि पानं बाहेर येतात. त्यासाठी मुळं लागतच नाहीत. जास्वंदीची पालवी दहा-बारा दिवसांत दिसते, पण पानांना पाणी पुरवतील अशी मुळं धरायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. बोगनवेलीला त्याहून जास्त. या मधल्या दिवसांत काडी हिरवी दिसत असली तरी ती उधारीवर जगत असते. आणि नेमकं याच वेळी आपल्याला कौतुक सुटतं. कोणी कुंडी उन्हात नेऊन ठेवतो, कोणी मूठभर शेणखत घालतो, आणि बहुतेक जण हलकेच काडी उपटून खाली मुळं आलीत का ते बघतात.

हे उपटून बघणंच सगळ्यात महागात पडतं. छेदाच्या जागी आधी पांढरट गाठ धरते, मग तिच्या आसपास केसांसारखी मुळं निघतात. ती वाळूच्या कणांना चिकटलेली असतात. काडी वर ओढली की मुळं वाळूतच राहतात. बोगनवेलीची मुळं तर इतकी ठिसूळ, की कुंडी बदलतानाही जपावं लागतं. पुन्हा खोचलेल्या काडीला सगळं पहिल्यापासून करायचं असतं, आणि साठा तोवर पानांनी खाऊन टाकलेला असतो.

धीर धरवत नसेल, तर एक युक्ती करा. काडी पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावा. तळाला तापवलेल्या सुईने चार-पाच भोकं पाडा आणि बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळा, कारण मुळांना अंधार हवा असतो. आठवड्यातून एकदा कागद सोडून बघायचं. ग्लासाच्या कडेला पांढऱ्या मुळांची जाळी दिसली की मगच कुंडीत हलवा, तेही मातीच्या गोळ्यासकट.

काडी कशी घ्यायची हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरी थोडक्यात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची. अगदी कोवळी नको, जून लाकूडही नको. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरपा. हा फरक ठेवला की काडी उलटी खोचली जात नाही. (हसू नका, दर वर्षी दोघं-तिघं उलटी लावतात.) खालची पानं काढा, वरची दोन निम्मी कापा. धुतलेली वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं, सावली, ओलावा. चिखल मात्र नको. खत तर मुळीच नको, त्यानं काप कुजतो.

मोगरा, तगर, अनंत, रातराणी याच रीतीने पावसाळ्यात लागतात. पांढऱ्या चाफ्याचं उलटं आहे: फांदी तोडून आठवडाभर सावलीत पडू द्या, चीक वाळू द्या, मग लावा. कण्हेर कापल्यावर हात धुवा, तिचा चीक विषारी असतो. शेवंतीला काडी कशाला, बहर सरल्यावर बुंध्याशी येणारे फुटवेच वेगळे करा.

गुलाबाबद्दल जरा सविस्तर, कारण तक्रारी तिथल्याच. गावठी गुलाब काडीने येतो. पण आम्ही विकतो ते मोठ्या फुलांचे गुलाब दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, डोळा बसवून (डोळा भरून) केलेले असतात. काडी लागली तरी त्याला खुंटाचा जोर मिळत नाही, आणि बऱ्याचदा झाड रोडावलेलंच राहतं. त्यातून कोणी सांध्याच्या खालून आलेला जोमदार फुटवा तोडून लावतो. तो खुंटाचा असतो. त्याला फूल येईल, पण तुम्ही आमच्याकडून नेलं ते नाही. सोनचाफाही काडीने सहसा लागत नाही, त्याचं कलमच घ्यावं.

काही जण विचारतात, तुमच्या मातृवृक्षाची (काड्या घेण्यासाठी राखलेल्या झाडाची) एक फांदी दिली तर काय बिघडतं? एक दिली तर काहीच बिघडत नाही. पण रविवारी चाळीस जण मागतात, आणि त्याच झाडांवर आमचं वर्षभराचं पोट आहे. मुळं धरलेलं रोप महाग वाटतं, तेव्हा एवढं लक्षात घ्या: न लागलेल्या काड्या, दीड-दोन महिन्यांची सावली आणि पाणी हे सगळं त्या पिशवीत आलेलं असतं. पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या रोपवाटिकांच्या पट्ट्यात स्वस्त मिळतं, हे खरंच. पन्नास रोपं हवी असतील तर आम्हीच तुम्हाला तिकडे पाठवू.

घरी करणाऱ्यांसाठी धुतलेली वाळू आणि भिजवलेलं कोकोपीट तयार मिसळून छोट्या पिशवीत ठेवलं आहे. मुळं फुटण्याची पावडरही सुटी देतो. अख्खी डबी घेऊ नका, वर्षभर पडून राहते. मध आणि हळद लावली तर नुकसान नाही, पण त्यानं मुळं लवकर येतात असं आम्हाला कधी दिसलं नाही.

काडी दाखवायला कधीही या, बघण्याचे पैसे घेत नाही. फक्त ग्लासासकट आणा.