एक्झॉस्ट फॅन हवा ओढत नाही? आधी बाथरूमचं दार बघा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या आमच्या सर्व ग्राहकांना नमस्कार.

बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनसाठी आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात. "फॅन फिरतोय, पण ओढत नाही. यापेक्षा मोठा बसवून द्या." आमचा माणूस घोडबंदर रोडची गर्दी काढत पोचतो, फॅन उघडतो, तपासतो. फॅन ठणठणीत असतो. अडचण असते ती खाली, दाराशी. हा कागद त्यासाठीच छापला आहे. कृपया फॅनच्या वॉरंटी कार्डासोबत जपून ठेवा.

हवा बाहेर कुठून जाणार हे सगळे विचारतात. आत कुठून येणार हे फारसं कोणी विचारत नाही. फॅनने जेवढी हवा बाहेर टाकायची, तेवढीच हवा बाथरूममध्ये यायला हवी, आणि ती यायची दाराखालच्या फटीतूनच. ती फट बुजली की पाती नुसती जागच्या जागी फिरतात. आवाज येतो, बिल येतं, वाफ मात्र छताला तशीच.

खारघरच्या एका काकूंच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. पहिल्या वेळी आम्हीही फॅनवरच संशय घेतला आणि तो बदलून दिला. तरी तक्रार तीच. तिसऱ्या खेपेला दार लावून आत उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की झुरळं येतात म्हणून दाराला खालून रबराची पट्टी मारली होती, आणि ती संगमरवरी उंबरठ्यावर घट्ट बसत होती. फॅनच्या जाळीला टिश्यू पेपर लावला, तो घसरून खाली पडला. मग दार बोटभर किलकिलं केलं आणि पुन्हा लावला. कागद जाळीला असा चिकटला की हात सोडला तरी हलेना. फॅन तोच, वायर तीच. त्या दिवसापासून आम्ही कुठेही गेलो की आधी दार बघतो.

हिशोबही सोपा आहे. 6 इंची फॅनचं तोंड सुमारे 28 चौरस इंचांचं. तुमचं दार अडीच फुटी, म्हणजे 30 इंच रुंद. त्याखाली पाऊण इंच फट असेल तर साडेबावीस चौरस इंच वाट मिळाली. बाथरूमला तेवढी पुरते. अर्धा इंच असेल तर 15, म्हणजे जेमतेम. पट्टी मारली असेल तर शून्य. झुरळांची काळजी आम्हाला समजते, पण त्यावर उपाय नहाणीच्या जाळीचा करा, दाराचा नको. दार खालून कापायला मन धजत नसेल तर दाराच्या खालच्या भागात तिरक्या पट्ट्यांची जाळी बसवता येते. बाहेरून आतलं दिसत नाही आणि हवा भरपूर येते. आमचा सुतार तासाभरात हे काम करून देतो, आणि नवीन फॅनसोबत केलं तर जाळीचेच पैसे लागतात, मजुरी नाही.

हवा कमी पडतेय हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. फॅन चालू असताना दार आपोआप खेचलं जातं किंवा उघडताना जड लागतं. दुसरी खूण म्हणजे फॅन लावल्यावर गटाराचा वास येतो. वाट न मिळालेला फॅन नहाणी ट्रॅपमधूनही, म्हणजे लादीच्या जाळीखालच्या पाणी साठून वास अडवणाऱ्या भांड्यातूनही, हवा ओढायला बघतो, आणि पाहुण्यांच्या बाथरूमसारखं फारसं न वापरलेलं असेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. अशा वेळी दोन मग पाणी ओता आणि दाराची फट मोकळी करा. फॅन बदलून हा वास जात नाही.

याच चुकीचं दुसरं रूप खिडकीत दिसतं. वाशी-नेरुळकडच्या जुन्या सिडको इमारतींत बाथरूमला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी असते. वरच्या दोन-तीन काचा काढून तिथे फॅन बसवतात आणि खालच्या काचा उघड्याच ठेवतात, हवा खेळती राहावी म्हणून. हेतू चांगला, पण फॅनला मग सर्वात जवळची हवा सापडते. खालच्या काचांतून आत आलेली हवा वितभर वर जाऊन बाहेर पडते आणि आंघोळीची वाफ आहे तिथेच राहते. फॅन चालू असताना त्या काचा पूर्ण बंद करा. हवा दाराकडून यावी, सबंध बाथरूममधून फिरावी आणि समोरच्या भिंतीतून बाहेर जावी. आम्ही फॅन नेहमी दारापासून लांब आणि उंच बसवतो तो याचसाठी. "इथे सोपं पडेल" म्हणून दारावरच्या झरोक्यात बसवायला सांगितलं तर आम्ही नाही म्हणतो.

मोठ्या फॅनबद्दल. 8 बाय 5 फुटांची, 9 फूट उंच बाथरूम म्हणजे 360 घनफूट. तासाला 10 वेळा हवा बदलायची म्हटली तरी 3600 घनफूट, म्हणजे सुमारे 100 घनमीटर. चांगल्या 6 इंची फॅनच्या बॉक्सवर तासाला किती हवा ओढतो याचा जो आकडा असतो, तो साधारणपणे याहून बराच मोठा असतो. फक्त तो आकडा फॅनसमोर काहीही अडथळा नसतानाचा आहे हे ध्यानात ठेवा. बंद दारामागे 9 इंची फॅन लावलात तर आवाज वाढेल, काम तेवढंच होईल. मोठा फॅन विकण्यात आमचा फायदा जास्त, तरीही आम्ही हे छापून देतोय.

फॅन आंघोळीआधी दोन मिनिटं लावा आणि बाहेर आल्यावर 20 ते 30 मिनिटं चालू ठेवा. बहुतेक जण बाहेर पडताना दिव्यासोबत फॅनही बंद करतात, आणि वाफ टाइल्सवर, आरशावर, छतावर पाणी होऊन बसते. बिलाची धास्ती नको. 30 वॉटचा फॅन रोज तासभर चालला तरी महिन्याला एक युनिटही पडत नाही. विसरायला होत असेल तर टायमरचा स्विच बसवून घ्या, तो आपोआप बंद होतो. मास्टर बेडरूमला एसी असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नका, कारण ती थंड हवाच बाहेर जात असते.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र एकट्या फॅनकडून कोरड्या भिंतीची अपेक्षा करू नका. बाहेरचीच हवा ओली असते. या दिवसांत आंघोळ झाली की भिंतीवरचं आणि लादीवरचं पाणी वायपरने ओढून टाका, ओले टॉवेल आत वाळत घालू नका, मग फॅन लावा. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले असतील तर ती बुरशी आहे. ती पुसून, भिंत वाळवूनच रंग द्या. ओल्यावर दिलेल्या रंगाचे पोपडे पुढच्या पावसाळ्याआधीच निघतात. आणि ठिपके बाथरूमच्या पाइपलगत किंवा वरच्या मजल्याच्या नहाणीखाली असतील तर ती गळती आहे, फॅनचं काम नाही. तसं दिसलं तर आम्ही स्पष्ट सांगतो, प्लंबरला बोलवा.

टॉवरमधल्या घरांत बाथरूम डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत उघडते. तिथे फॅनला मागून, फॅन थांबला की आपोआप मिटणाऱ्या झडपा हव्यातच, नाहीतर शेजारच्यांच्या फोडणीचा वास तुमच्या बाथरूममध्ये. डक्टमध्ये कबुतरं असतातच, म्हणून बाहेरून कबुतरांची जाळी लावतो. काही जण तिथे मच्छरदाणीची बारीक जाळी लावतात. ती लावू नका. काही महिन्यांत टॉवेलचे तंतू आणि धूळ ओलसर होऊन तिच्यावर गोधडीसारखा थर बसतो आणि फॅन गुदमरतो. डासांना झडपा पुरेशा आहेत. फॉल्स सीलिंगमध्ये फॅन असेल तर एक गोष्ट जरूर तपासा: त्याचा पाइप खरोखर बाहेरपर्यंत नेला आहे का. आम्ही असे पाइप सीलिंगच्या आतच सोडलेले पाहिले आहेत. सगळी वाफ वर साठते आणि पीओपीला डाग पडतात.

सर्वात महत्त्वाचं. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर आम्ही तिथे फॅन बसवत नाही. कृपया आग्रह करू नका. गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. फॅन आहे म्हणून तो धोका टळला असं समजू नका. हवेची वाट बंद असेल तर तो जळलेला वायू उलट आत ओढला जाऊ शकतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हलवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. त्यानंतर फॅनसाठी आम्ही हजर आहोत.

दर तीन महिन्यांनी फॅन पुसून घ्या. एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला खटका) बंद करा, मग जाळी काढा, पाती ओलसर फडक्याने पुसा, झडपा बोटाने उघडतात का बघा. मोटरवर पाणी मारू नका. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठच्या घरांत लोखंडी बॉडी लवकर गंजते, तिथे आम्ही प्लास्टिक बॉडीचाच फॅन सुचवतो.

आम्ही भेटीचे पैसे का घेतो, असा प्रश्न येतो. येणारा माणूस कुशल वायरमन आहे, त्याचा अर्धा दिवस जातो, आणि फॅन ठीक आहे हे सांगणं हेही कामच आहे. फॅनमध्ये दोष निघाला तर भेट मोफत, हे आमचं पहिल्यापासूनचं आहे. तुमचा खर्च वाचावा म्हणून फोन करण्याआधी एवढं करा: फॅन लावा, टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावा, एकदा दार बंद करून आणि एकदा बोटभर उघडून. दोन्ही वेळा काय झालं ते फोनवर सांगा. दार उघडल्यावर कागद चिकटला तर आम्ही सुतार पाठवू, तरीही पडला तर वायरमन पाठवू.