मोडी वाचणारा घरात नसेल तर

तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत एक निवृत्त इंजिनियर काका आहेत. कुठल्याही प्रश्नाचा निकाल ते दुसऱ्या चढाच्या आत लावतात. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने 1 सप्टेंबर 2025 पासून महिला गटात उतरणाऱ्यांना वाय गुणसूत्रावरच्या 'एसआरवाय' या जनुकाची चाचणी सक्तीची केली, त्या बातमीचाही लावला. "एक्सएक्स म्हणजे बाई, एक्सवाय म्हणजे पुरुष. शाळेच्या पुस्तकात आहे. यात वाद कसला?"

मला बालेवाडी आठवली. जुलै 2013, आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा. महिलांच्या 200 मीटरमध्ये ओडिशाची सतरा वर्षांची, चणीने लहान अशी एक मुलगी तिसरी आली. दुती चंद. पुढच्याच वर्षी, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला संघातून वगळलं. उत्तेजक घेतलं म्हणून नव्हे. तिच्याच शरीरात बनणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त भरलं म्हणून.

आता काकांच्या पुस्तकातलं पुढचं पान. गर्भ सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्याकडे दोन्ही तऱ्हेच्या नलिकांच्या जोड्या असतात, मुलाच्या आणि मुलीच्याही. मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक थोड्या वेळासाठी जागं होतं, सतराव्या गुणसूत्रावरच्या सॉक्स-9 या जनुकाला उठवतं आणि वृषणग्रंथी घडायला लागते. एसआरवायचं काम बहुतांशी इथेच आटोपतं. दंड, दाढी, आवाज हे त्याच्या खात्यात येत नाही. वृषणग्रंथी दोन रसायनं सोडते. एक गर्भाशयाच्या नलिका विरघळवतं. दुसरं टेस्टोस्टेरॉन, आणि मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

कोलेस्टेरॉलपासून बनलेला हा रेणू पेशीच्या तेलकट आवरणातून सहज आत शिरतो. आत अँड्रोजेन ग्राही नावाचं प्रथिन दोन-चार मदतनीस प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. रेणू त्याच्या खोबणीत बसला की ग्राहीचा आकार बदलतो, मदतनीस गळून पडतात, ग्राही केंद्रकात जातो आणि जोडीने डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांवर ठाण मांडतो. मग कुठे जनुकं कामाला लागतात, स्नायू भरतात, हिमोग्लोबिन चढतं. म्हणजे करामत एकट्या टेस्टोस्टेरॉनची नाहीच. आपल्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. मजकूर अस्सल, शाई शाबूत, पण मोडी वाचणारा नसेल तर तो कागद आणि रद्दी सारखीच. टेस्टोस्टेरॉन हा मोडीतला हुकूम, ग्राही हा तो वाचणारा कारकून.

आणि या कारकुनाची नेमणूक कोण करतं? ग्राहीचं जनुक असतं एक्स गुणसूत्रावर. मुलाला एक्स मिळतो फक्त आईकडून. ज्याला आपण पुरुषी संप्रेरक म्हणतो, ते वाचायची विद्या मुलाला आईच देते! वाय मात्र बापाकडून येतो. हे दहावीला शिकलेल्या घरांतही सुनेला पहाटे उपाशीपोटी, गाईच्या दुधातून 'मुलगा होण्याचं औषध' पाजतात. गर्भधारणेच्या क्षणीच जे ठरून गेलं, ते दुसऱ्या महिन्यातल्या पुडीने बदलायचं, तेही ज्या बाईकडे द्यायला वाय नाहीच तिच्या पोटातून.

असो. कधी कधी ग्राहीच्या जनुकातच असा बिघाड असतो की कारकून ठार निरक्षर निघतो. गुणसूत्रं एक्सवाय, वृषणग्रंथी पोटात, रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतकं, पण एकही पेशी ते वाचत नाही. उलट त्यातल्या काही भागाचं इस्ट्रोजेन होतं आणि शरीर मुलीचं घडतं. जन्मल्यावर मुलगी, वाढते मुलगी म्हणून. पाळी आली नाही म्हणून डॉक्टरांकडे नेलं की बहुधा तेव्हा कळतं. सर्वसाधारण बाईच्या रक्तात लिटरमागे 2 नॅनोमोलच्या आत टेस्टोस्टेरॉन असतं, पुरुषाच्या साधारण 8 ते 29. त्या 2 मधलं जे काही थोडं बाईच्या स्नायूंना लाभतं, तेसुद्धा हिच्या वाट्याला येत नाही.

स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो अशांपैकी एक. तेव्हाची चाचणी होती 'बार पिंडा'ची. बाईच्या पेशीत दोन एक्स असतात, कामाला एकच लागतो. दुसरा गुंडाळी होऊन केंद्रकाच्या कडेला पडून राहतो. 1949 मध्ये कॅनडात मरे बार यांना ही गुंडाळी प्रथम दिसली ती मांजरांच्या चेतापेशींत. पेठांतल्या वाड्यात दिसणारं काळं-पिवळं-पांढरं मांजर जवळपास नेहमी मादी असतं, तेही हिच्यामुळेच. एका ठिगळात एक एक्स चालू, शेजारच्या ठिगळात दुसरा. मांजराच्या बाबतीत ही मोठी मजेची गोष्ट. खेळाडूंच्या बाबतीत 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून तिचं प्रमाणपत्र झालं: गालाच्या आतून पेशी खरवडायच्या, गुंडाळी दिसली तर तू बाई. (त्याआधी 1966 मध्ये बुडापेस्टला डॉक्टरांसमोर उघडं उभं राहावं लागे. त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची. 1976 ला माँट्रियलमध्ये ब्रिटनच्या राजकन्या अ‍ॅन यांना तेवढी माफी होती.)

पातिन्यो 1985 मध्ये जपानला, कोबेच्या स्पर्धेला गेली तेव्हा आधीचं प्रमाणपत्र घरी विसरली. पुन्हा गाल खरवडला. गुंडाळी नाही. दुखापतीचं सोंग घेऊन गुपचूप बाजूला हो, असा सल्ला तिला मिळाला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ती तरीही धावली, जिंकली, आणि बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम खोडले गेले, ठरलेलं लग्न मोडलं. 1988 मध्ये तिला परत खेळायची परवानगी मिळाली खरी, पण उमेदीची वर्षं गेलीच.

तिच्या बाजूने लढलेल्यांत फिनलंडचे आनुवंशिकीतज्ज्ञ आल्बर्ट द ला शापेल होते. एक्सएक्स गुणसूत्रं असलेले पुरुष असतात हे 1964 मध्ये त्यांनीच दाखवलं होतं. असा दाढीवाला गडी बार पिंडाच्या चाचणीत 'बाई' म्हणून सुखाने पास झाला असता.

महिला गट वेगळा हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. 100 मीटरचे विक्रम बघा, पुरुषांचा 9.58 सेकंद, महिलांचा 10.49. वयात येतानाच्या टेस्टोस्टेरॉनचा यात मोठा वाटा आहे. वृषणग्रंथी आहेत आणि ग्राहीही वाचतो, अशा खेळाडूंचं काय करायचं हा खरोखर अवघड प्रश्न आहे आणि तो मी इथे सोडवायला बसलेले नाही. पण एसआरवायची चाचणी कागद आहे की नाही एवढंच सांगते, वाचणाऱ्याबद्दल ती गप्प असते. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3387 जणींची तपासणी झाली, 8 जणींत एसआरवाय सापडलं, आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं. 1999 मध्ये ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणी बंद केली. तीच आता परत आली आहे. ग्राही पूर्ण निकामी असलेल्यांना नव्या नियमात सूट आहे, हे सांगायला हवं. पण सूट मिळवायला आधी चाचणीत अडकायचं आणि मग पुढच्या वैद्यकीय तपासण्यांना सामोरं जायचं. 1990 मध्ये हे जनुक शोधणाऱ्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला जाहीर विरोध केलाय. त्यांचा एक मुद्दा अगदी घरगुती आहे: प्रयोगशाळेतल्या पुरुष तंत्रज्ञाच्या त्वचेची एखादी पेशी नमुन्यात पडली तरी घोटाळा. पीसीआर या चाचणीच्या तंत्रात डीएनएचा तुकडा दर फेरीला दुप्पट होतो, 30 फेऱ्यांत एकाचे 107 कोटी.

दुती क्रीडा लवादाकडे गेली. जुलै 2015 मध्ये लवादाने टेस्टोस्टेरॉनचा तो नियम स्थगित केला, कारण अशा स्त्रियांना नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा संघटनेला देता आला नव्हता. 2016 ला ती रिओमध्ये 100 मीटर धावली.

काकांना मी हे सगळं एका फेरीत सांगू शकले नाही, सॉक्स-9 लाच त्यांचं लक्ष उडालं. म्हणून दुसऱ्या दिवशी द ला शापेल यांचंच आणखी एक काम सांगितलं. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँटिरांटा, सात ऑलिंपिक पदकं, त्यात 1964 ला इन्सब्रुकमध्ये दोन सुवर्ण. (पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात त्याचं नाव आलं, तो भाग वेगळा.) आपल्याकडे हिमोग्लोबिन 14 आलं की घरात पेढे वाटायचे बाकी राहतात. याचं 20 च्या वर. 1993 मध्ये कारण कळलं: लाल पेशी बनवायचा हुकूम वाचणारा त्याचा ग्राही जन्मतःच बिघडलेला होता. फरक इतकाच की हा कारकून निरक्षर नव्हता, अतिउत्साही होता. एकदा हुकूम वाचला की थांबतच नसे.

"अरे वा," काका म्हणाले. "देवाची देणगी."

मग चढ लागला.